हॉलस्टॅट सेव्ह केलंय, नागरा बघितलंय का?

तुमच्या इन्स्टाच्या ‘सेव्ह्ड’मध्ये ते गाव आहे. पैज लावते, आहेच. तळ्याच्या काठाला चिकटलेली लाकडी घरं, मागे सरळ उभा डोंगर, मधोमध चर्चचा टोकदार मनोरा आणि पाण्यात त्याचं प्रतिबिंब. खाली कॅप्शन, ‘एकदा तरी जायचंच’. ऑस्ट्रियातलं हॉलस्टॅट. माझ्याकडे ते सेकंड इयरपासून सेव्ह आहे. व्हिसा नाही, तिकिटाचे पैसे नाहीत, इंटर्नला जे मिळतं त्याला पगार म्हणायचं की नाही हेही नक्की नाही. म्हणून श्रावणातल्या एका सोमवारी मी स्कूटी काढली आणि नागऱ्याला गेले.

गोंदियावाल्यांना नागरा सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. गोंदिया शहरातून बालाघाट रोडला लागायचं. राइस मिल मागे पडल्या की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या सुरू होतात. पाच-सहा किलोमीटरवर नागरा. इथलं जुनं दगडी शिवमंदिर अख्ख्या परिसरात प्रसिद्ध आहे. महाशिवरात्रीला जत्रा भरते, आणि श्रावणात सोमवारी पाय ठेवायला जागा नसते. त्यातही आमच्याकडे श्रावण दोनदा सुरू होतो. हिंदी बोलणाऱ्या घरांचा सावन पंधरा दिवस आधी आणि मराठी घरांचा श्रावण नंतर. त्यामुळे महादेवाला चांगली दीड महिना गर्दी. सीमेवरच्या जिल्ह्यात राहायचे असे काही फायदे असतात, निदान देवाला तरी.

मी मात्र दर्शनाला गेले नव्हते. खरं सांगायचं तर कंटेंटसाठी गेले होते. डोक्यात हॉलस्टॅटची फ्रेम फिट होती. समोर गाव, मधे देऊळ, मागे आभाळ. अर्धा तास मी फोन घेऊन गोल गोल फिरले. या बाजूनं काढावं तर विजेच्या तारा. त्या बाजूनं वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स. तिसऱ्या बाजूनं काढावं तर अर्धवट प्लास्टर झालेली घरं, त्यांच्या डोक्यावर बाहेर आलेल्या सळया. मी एकेक गोष्ट फ्रेममधून कापत होते, तेवढ्यात बेलाची पानं घेऊन बसलेल्या एका आजीनं हाक मारली.

‘‘फोटो काढशील त आमचं घर नको येऊ देजो वो बाई. पिलास्तर राह्यलं अजून.’’

मला आधी हसू आलं. मग मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांचं घर आधी कवेलूचं होतं. मी आपली भाबडेपणानं म्हणाले, ‘‘आजी, कवेलूचं घर किती छान दिसतं!’’ त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बेलाची पानं मोजायला लागले. माकडं कवेलू फोडायची. दर पावसाळ्याआधी ते उतरवून पुन्हा रचायचे, फुटलेले बदलायचे, आणि आता कवेलू घडवणारे तरी कुठे राहिलेत? ‘‘तुले छान दिसते. आम्हाले भांडे मांडून झोपा लागे,’’ त्या म्हणाल्या. आता स्लॅब पडला आहे. पाणी गळत नाही. प्लास्टर पुढच्या धानाच्या चुकाऱ्यावर.

घरी येऊन मी हॉलस्टॅटबद्दल वाचायला बसले. रील सेव्ह करून चार वर्षं झाली होती, वाचलं मात्र कधीच नव्हतं. तुम्ही वाचलंय?

कुंपण घातलेलं गाव

हॉलस्टॅटची वस्ती आहे साडेसातशेच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या लहान ग्रामपंचायतीएवढी. गर्दीच्या दिवसांत तिथे एका दिवसात दहा हजारांपर्यंत पर्यटक येतात. गावात मिठाची खाण आहे, जगातल्या सर्वांत जुन्या खाणींपैकी एक. युरोपातल्या लोहयुगाच्या एका टप्प्याला पुरातत्त्वाच्या पुस्तकांमध्ये या गावाचंच नाव आहे. १९९७ साली हा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. पुढे २०१२ साली चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतात या गावाची हुबेहूब नक्कल उभी राहिली. चर्चसकट!

मे २०२३ मध्ये, सेल्फीवाल्यांच्या गोंगाटाला वैतागून, गावानं आपल्या सर्वांत सुंदर जागेसमोर चक्क लाकडी कुंपण घातलं. म्हणजे डोंगर आणि तळं दिसूच नये म्हणून आडोसा! सोशल मीडियावर आरडाओरडा झाल्यावर ते काढलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गावकरी रस्त्यावर उतरले. मागणी काय, तर रोज किती पर्यटक येतील याला मर्यादा घाला आणि संध्याकाळी पाचनंतर टूरच्या बस बंद करा. नागऱ्याच्या आजींना फोटोत घर नको होतं कारण ते अपुरं होतं. हॉलस्टॅटच्या आजींना नको आहे कारण ते फार सुंदर आहे. दोघींच्या दारात फोन घेऊन उभी असलेली मुलगी मात्र एकच. मी. किंवा तुम्ही.

त्या गावात दोन चर्च आहेत. पोस्टकार्डवर दिसतो तो काठावरचा मनोरा प्रोटेस्टंट चर्चचा. वर चढावर जुनं कॅथलिक चर्च आहे, आणि त्याच्या आवारातल्या एका छोट्या खोलीत बाराशेच्या वर मानवी कवट्या ओळीनं मांडल्या आहेत. घाबरू नका. डोंगर आणि पाणी यांच्या बेचक्यात दफनाला जागाच नाही. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांनी कबर उघडायची, हाडं काढायची आणि कवटी उन्हात वाळवून त्यावर नाव आणि फुलं-पानं रंगवायची, अशी तिथली रीत. सहाशेच्या वर कवट्या अशा रंगवलेल्या आहेत. शेवटची १९९५ साली ठेवली गेली. हे वाचल्यावर ते गाव मला पहिल्यांदा खरं वाटलं. इतकी वर्षं ते माझ्यासाठी वॉलपेपर होतं. आता तिथे जागेची अडचण होती, मेलेली माणसं होती, आणि आपल्या माणसाचं नाव पुसलं जाऊ नये म्हणून ब्रश घेऊन बसलेलं कुणीतरी होतं.

मग मी वाचतच सुटले. (डेस्कवरच्या सीनिअरना हा लेख दोन आठवडे उशिरा मिळाला, त्याचं कारण हे.)

रोमानियात ट्रान्सिल्व्हेनिया नावाचा भाग आहे. ड्रॅक्युलामुळे तुम्हाला माहीत असेल. तिथे बाराव्या शतकापासून जर्मन बोलणारे शेतकरी आणि कारागीर येऊन राहिले. पुढे तुर्कांच्या स्वाऱ्यांची भीती, म्हणून त्यांनी गावाचं चर्च हाच किल्ला केला. चर्चभोवती तटबंदी, बुरूज, धान्याची कोठारं. विस्क्री नावाच्या गावात तर एक बुरूज नुसता डुकराचं खारवलेलं मांस टांगायचा, प्रत्येक घराची जागा ठरलेली. बिएर्टन गावच्या चर्चमध्ये एका दाराचं कुलूप असं आहे की एक किल्ली फिरवली की डझनभराहून जास्त अडसर एकदम सरकतात. ते १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडलं होतं. आणि याच चर्चच्या आवारात घटस्फोट मागणाऱ्या नवरा-बायकोला काही आठवडे कोंडून ठेवायची खोली आहे. आत एक पलंग, एक ताट, एक चमचा. तिनशे वर्षांत एकच घटस्फोट झाला असं तिथे अभिमानानं सांगतात. मला तर ती आकडेवारी ऐकून त्या एका बाईबद्दल आदर वाटला.

पण गोष्ट पुढे आहे. १९८९ च्या शेवटी तिथली कम्युनिस्ट राजवट कोसळली, सीमा उघडल्या, आणि एकट्या १९९० साली लाखाच्या वर जर्मन भाषक रोमानिया सोडून जर्मनीला निघून गेले. आठशे वर्षं बांधलेली, जपलेली गावं काही महिन्यांत अर्धी रिकामी झाली. बिएर्टनची तटबंदी १९९३ मध्ये जागतिक वारसा झाली, तोवर ती ज्यांची होती ती माणसं म्युनिककडे भाड्याची घरं शोधत होती. तुर्कांना न जमलेलं काम पासपोर्टनं केलं.

आता तुमच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप डोळ्यांसमोर आणा. नागपूर, पुणे, हैदराबाद, रायपूर. गोंदियात किती जण उरले? मी उरलेय, कारण इंटर्नशिप इथे मिळाली. पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही.

‘छान’ असण्याचं बिल कोण भरतं?

युरोपातली गावं ‘मुळातच’ सुंदर आहेत, आपली ‘मुळातच’ बकाल आहेत, असं आपण बोलून मोकळे होतो. वाचल्यावर कळतं की मुळातच असं काही नसतं. कुणीतरी बिल भरत असतं.

फ्रान्सचं बघा. क्रांतीनंतर तिथली कित्येक चर्चं आणि मठ लोकांनी दगडासाठी फोडून विकले होते. घर बांधायला आयता घडवलेला दगड मिळतोय तर कोण सोडतो? पुढे सरकारनं ऐतिहासिक वास्तूंसाठी निरीक्षक नेमला. प्रॉस्पेर मेरिमे, हा मूळचा कथालेखक. तो गावोगाव फिरून नोंदी करायचा. कॉन्क नावाच्या आडगावात १८३७ साली तो पोहोचला तेव्हा तिथलं अकराव्या-बाराव्या शतकातलं चर्च कोसळायच्या बेतात होतं. त्यानं अहवाल दिला आणि दुरुस्ती सुरू झाली. आज ते गाव तुमच्या सेव्ह्ड फोल्डरमध्ये असू शकतं. मग १९०५ चा कायदा आला. सरकार आणि धर्म वेगळे झाले, पण त्याआधी बांधलेली गावोगावची चर्चं त्या त्या गावच्या पालिकेच्या मालकीची ठरली. म्हणजे चर्चचं छप्पर गळलं तर महापौरानं बघायचं, मग तो स्वतः नास्तिक का असेना!

१९८२ साली तिथल्या काही छोट्या गावांनी मिळून ‘फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं’ अशी संघटना काढली. तीत शिरायला अट आहे. लोकसंख्या दोन हजारांच्या आत हवी, आणि कायद्यानं संरक्षित अशा किमान दोन वास्तू किंवा जागा हव्यात. नुसतं ‘आमचं गाव लई भारी’ म्हणून चालत नाही. आणि एवढं करूनही पैसा पुरत नाही, म्हणून २०१८ पासून पडक्या वास्तूंसाठी तिथे चक्क लॉटरी निघते. लोक तिकीट खरवडतात आणि त्यातला वाटा कुठल्यातरी गावच्या छपराला जातो.

नागऱ्याच्या आजींनी कवेलूचं घर ठेवायला हवं होतं, असं म्हणायचा हक्क मला तेव्हाच आहे जेव्हा दरवर्षीच्या कवेलूचं बिल मी भरेन. फ्रान्समध्ये ते बिल थोडं सरकार भरतं, थोडी पालिका, थोडा लॉटरीवाला. आपल्याकडे ते आजींनी एकटीनं भरावं आणि आपण फोटो काढावा, अशी आपली अपेक्षा. स्लॅबवर माझा आता राग नाही. देवळाबद्दल मात्र आहे, आणि तो राग माझ्यावरच आहे. आतापर्यंत सांगायचं टाळत होते.

आम्ही रंग दिला

कॉलेजात असताना आमचं सात दिवसांचं एनएसएस शिबिर एका खेड्यात होतं. गावाचं नाव सांगत नाही, नागरा नव्हे एवढं सांगते. गावाबाहेर लहानसं, जुनं, दगडी देऊळ. दगडाला शेवाळ, कोपऱ्यात वटवाघळांची घाण. आम्ही ठरवलं, देऊळ चकाचक करायचं. तारेच्या ब्रशनं दगड घासले. गावातल्या लोकांनी वर्गणी काढून ऑइल पेंटचे डबे आणले. भिंती गुलाबी, खांब चंदेरी. गाभाऱ्याच्या दाराच्या चौकटीवर खाली एक बाई कोरलेली होती, हातभर उंचीची. कमरेत जराशी वाकलेली, पायाखाली मगरीसारखा काहीतरी प्राणी. ती माझ्या वाट्याला आली. मी तिला पिवळी साडी केली, ओठ लाल केले, पायातले पैंजण सोनेरी. पैंजणांची बारीक नक्षी रंगाच्या दोन हातांखाली बुजली, पण लांबून झकास दिसत होतं. ग्रुप फोटोला दोनशेच्या वर लाइक आले. गावानं आम्हाला नारळ दिले.

ती बाई म्हणजे मकरावर उभी असलेली गंगा. देवळाच्या दाराशी एका बाजूला गंगा आणि दुसऱ्या बाजूला कासवावरची यमुना, अशी जोडी असते. मला ते दोन वर्षांनी कळलं.

दगड श्वास घेतो, असं जुने गवंडी म्हणतात. हे काव्य नाही, साधी गोष्ट आहे. पावसाळ्यात दगड ओल शोषतो, उन्हाळ्यात ती बाहेर टाकतो. ऑइल पेंट हा प्लास्टिकच्या पिशवीसारखा. ओल आत अडकते. तिच्यात विरघळलेले क्षार बाहेर येऊ शकत नाहीत, ते पृष्ठभागाच्या मागेच साचतात, फुगतात आणि दगडाचा वरचा पापुद्रा ढकलून देतात. कोरीव काम नेमकं त्या पापुद्र्यावरच असतं. आम्ही तारेचा ब्रश मारला तेव्हाच अर्धं नुकसान केलं होतं, उरलेलं रंग करत राहणार होता. सांध्यांत सिमेंट भरणं हाही त्यातलाच प्रकार. ज्यांना आपण सरसकट ‘हेमाडपंथी’ म्हणतो ती देवळं चुन्याशिवाय, दगडात दगड अडकवून रचलेली. थोडं हलायला वाव असतो म्हणून ती शतकं टिकली. सिमेंट तो वाव बंद करतं.

(जाता जाता : हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांचा मंत्री. त्याच्या नावावर खपवलेली कितीतरी देवळं त्याच्या जन्माआधीची आहेत. आणि देवळांच्या ‘नागर’ शैलीवरून नागरा गावाचं नाव पडलं असा मेसेज तुम्हाला उद्या आला, तर कृपया पुढे पाठवू नका. शब्द सारखे दिसतात म्हणून नातं जुळत नसतं.)

आम्ही काय केलं हे मला ज्यातून कळलं ती गोष्ट पुन्हा युरोपातलीच आहे, काय करणार. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात जुनी चर्चं ‘नवी’ करायची लाट आली होती. जुना गिलावा खरवडायचा, झिजलेलं कोरीवकाम काढून नवं, टोकदार, ‘अस्सल जुनं’ बसवायचं. विल्यम मॉरिस हा कवी आणि डिझायनर १८७६ मध्ये बर्फर्ड गावचं चर्च बघायला गेला आणि संतापला. तिथल्या पाद्र्यानं त्याला सुनावलं म्हणे, की चर्च माझं आहे, वाटलं तर मी त्यात डोक्यावर उभा राहीन. पुढच्याच वर्षी मॉरिसनं जुन्या इमारती वाचवण्यासाठी संस्था काढली, ती आजही चालू आहे. तिचं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं. इमारत नवी करू नका, रोज थोडी काळजी घ्या. पन्हळ साफ करा, गळती थांबवा, कललेल्या भिंतीला टेकू द्या.

आपल्याकडे याचा अर्थ असा की दगडाच्या फटीत पिंपळाचं रोप बोटभर असताना काढा, हातभर झाल्यावर कुऱ्हाड घेऊन जाऊ नका. देवळाभोवती पाणी साचत असेल तर चर खणा. झाडू मारा. बस. यात ग्रुप फोटो चांगला येत नाही हे मान्य. आणि आधीच रंग दिलेला असेल तर तो खरवडायला जाऊ नका. ते तज्ज्ञांचं काम आहे, रसायनं वापरून सावकाश करायचं. हिवाळ्यात तुमच्यापैकी अनेकांची शिबिरं लागतील. ‘मंदिर रंगकाम’ कार्यक्रमपत्रिकेत असेल तर प्रोग्रॅम ऑफिसर सरांना आधी एवढंच विचारा, ‘‘सर, देऊळ किती जुनं आहे?’’ उत्तर माहीत नसेल तर डबा उघडू नका.

गर्दी आहे, नोंद नाही

पुन्हा एका सोमवारी नागऱ्याला गेले. या वेळी फोन पिशवीत ठेवला. पायाखाली ओला दगड, हातात तांब्या, पुढे शाळेच्या गणवेशातली पोरं, मागे धान रोवून आलेल्या, पायांना चिखल असलेल्या दोन बाया. एक हिंदीत बोलत होती, दुसरी पोवारीत, दोघींचं व्यवस्थित चाललं होतं. रांगेत उभी असताना मला इंग्लंडमधली ती साडेतीनशेच्या वर चर्चं आठवली, जिथे आता नियमित प्रार्थनेला कुणी येत नाही म्हणून एक ट्रस्ट ती सांभाळतो. त्यांतल्या काहींमध्ये रात्री मुक्कामाला जागा भाड्यानं देतात, झोपायच्या पिशव्या घेऊन लोक येतात. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्ट शहरात तेराव्या शतकातल्या एका चर्चमध्ये २००६ पासून पुस्तकांचं दुकान आहे. सुंदर आहे म्हणतात, मलाही बघायचंय. पण तिथे सगळं जपलं आहे आणि माणूस निघून गेला आहे. नागऱ्यात माणूस आहे. लोटीभर पाणी घेऊन पावसात उभा आहे.

नाही ती नोंद. कॉन्कला मेरिमे गेला, हॉलस्टॅटच्या कवटीवर नावं आहेत. नागऱ्याच्या एकेका खांबाचं रेखाटन, मोजमाप, तारखेसह फोटो असं काही तुमच्या-माझ्या फोनमध्ये आहे का? माझ्या फोनमध्ये होते चौतीस फोटो, त्यांतल्या एकवीसमध्ये मी. गावात बसलं की जमिनीतून निघालेल्या जुन्या विटांच्या, मूर्तींच्या गोष्टी म्हातारी माणसं सांगतात. ती माणसं गेली की गोष्टी गेल्या.

गडचिरोली जिल्ह्यातलं मार्कंडा आठवा. आपल्याच वैनगंगेच्या काठी, चामोर्शीजवळ. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७० च्या दशकात तिथे गेला, त्यानं सगळा देवळांचा समूह लिहून ठेवला. अलीकडे तिथल्या मुख्य देवळाचे दगड दुरुस्तीसाठी उतरवले आणि काम वर्षानुवर्षं रेंगाळलं, त्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. पण कुठला दगड कुठे होता हे शोधायला निदान काहीतरी जुनं लिखाण हाताशी आहे. ज्या देवळाचं वर्णनच नाही, त्याचा एक खांब उद्या हलला तर कुणाला कळणार?

ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी सांगते. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला झाला. त्याआधीचं सगळं भंडाऱ्याच्या नावाखाली आहे. त्यामुळे जुन्या गॅझेटिअरमध्ये ‘गोंदिया जिल्हा’ शोधलात तर काही सापडणार नाही, ‘भंडारा’ शोधा. रसेलनं संपादित केलेलं १९०८ चं गॅझेटिअर आहे. हेन्री कझन्सची मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या पुरातन अवशेषांची यादी १८९७ ची आहे. रायबहादूर हिरालाल यांनी याच भागातल्या शिलालेखांची यादी केली. ती चाळायला इतिहासाची डिग्री लागत नाही. देवळात गेल्यावर फोटो काढताना शेजारी एक पट्टी ठेवा म्हणजे माप कळतं. चारी बाजू काढा. तारीख लिहा. आजी-आजोबांचं बोलणं त्यांना विचारून रेकॉर्ड करा, त्यांच्या बोलीत, आपली ‘शुद्ध’ करून नव्हे.

बेलवाल्या आजी या वेळी पण होत्या. मला ओळखलं नाही. मग मीच आठवण दिली, त्यांचं घर फोटोत न आल्याची. ‘‘येऊ देजो ना मंग आता,’’ त्या म्हणाल्या, ‘‘दिवाळीत पिलास्तर होते.’’

हा लेख लिहून झाल्यावर मी त्या शिबिराच्या गावातल्या एका काकांना फोन लावला. नंबर तेव्हाचाच होता, लागेल असं वाटलं नव्हतं. ‘‘रंगवाली पोरगी ना?’’ त्यांनी लगेच ओळखलं. मी देवळाची चौकशी केली. ‘‘उखडून राहिला ना रंग,’’ ते म्हणाले, ‘‘पापुद्रे निघून राहिले खालून. दिवाळीत पुन्हा मारू म्हणतो. तुम्ही पोरं-पोरी येता का? डबे आम्ही आणून ठेवतो.’’

मी म्हटलं, ‘‘येते काकाजी. डबे नका आणू, आधी बघू.’’

‘‘बघायचं काय आहे त्यात?’’

रविवारी जातेय. सोबत एक पट्टी, एक वही आणि शिबिरातल्या दोघी मैत्रिणी. काकांना काय सांगायचं, ते स्कूटीवर ठरवू.